देवळालीचे कापरेकर मास्तर

गणित म्हटलं की आपल्यापैकी अर्ध्या लोकांना एम-थ्रीचा पेपर आठवतो आणि पोटात गोळा येतो. पण आज मी ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांचं गणित समजायला चौथीची वजाबाकी पुरते. ते विद्यापीठात प्राध्यापक नव्हते की कुठल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. लहानपणी त्यांचं नाव आपण कधीतरी ऐकलेलं असतं, पण माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकताना. कशी, ते पुढे सांगतो.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्याला आणि कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. तर नाहीच. १९३० साली ते देवळालीला शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षं, तिथेच शिकवत राहिले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात आकडे, असा त्यांचा संसार. कॉम्प्युटर तर सोडाच, साधं गणकयंत्रसुद्धा हाताशी नव्हतं.

१९४६ साली त्यांना त्यांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट सापडली. कागद-पेन घ्या, आत्ताच करून बघू. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. वजाबाकी केली की ३०८७ येतात. आता या उत्तरावर तीच क्रिया. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा तेच. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणखी एकदा करा. ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४! इथून पुढे गाडी हलतच नाही. तुमची संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हे स्टेशन येतंच. तीन आकडी संख्यांचं असंच स्टेशन आहे ४९५. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं आणि १९५५ साली ते ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापून आलं. आज जग या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतं.

आता फंक्शनल प्रोग्रॅमिंगशी याचा काय संबंध? सी शिकताना आपण व्हेरिएबल घेतो, त्याची किंमत बदलतो, लूप फिरवतो. फंक्शनल पद्धतीत सगळं काम फंक्शनवर चालतं, अगदी गणितातल्या फंक्शनसारखं. तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट, आणि आधीची किंमत पुसायची नाही. या विचाराचं मूळ अलोन्झो चर्च या गणितज्ञाच्या १९३० च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे. १९९० साली आलेल्या हॅस्केल भाषेला हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव आहे. करी १९०० सालचे, म्हणजे कापरेकरांच्याच पिढीतले. दोघांच्या कामाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मास्तरांचा हा खेळ म्हणजे एक फंक्शन घ्या आणि त्याचं उत्तर परत त्यालाच भरवत राहा, एवढाच आहे. यालाच आपण रिकर्शन म्हणतो. आणि जिथे इनपुट आणि आउटपुट एकच होतात, त्या जागेला फिक्स्ड पॉइंट. पुस्तकात या दोन्हींच्या व्याख्या वाचून डोळे मिटायला लागतात, पण ६१७४ एकदा हाताने करून बघितलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

होस्टेलवर मी हे ज्युनिअर्सना दाखवलं. उत्तर इनपुटइतकंच आलं की थांब, एवढी एकच अट घालून प्रोग्रॅम लिहिला. एका पोराने मुद्दाम दोन आकडी संख्या दिली आणि प्रोग्रॅम थांबेचना! हाताने करून पाहिल्यावर कारण कळलं. ०९ वरून ८१, मग ६३, मग २७, मग ४५ आणि परत ०९. दोन आकड्यांत स्टेशनच नाही, नुसती गोल फेरी आहे. पाच आकड्यांतही तसंच. रिकर्शन थांबेल याची खात्री आधी करावी लागते, हे त्या रात्री सगळ्यांना कायमचं कळलं. शिवाय ९९९ आलं तर ते ०९९९ असं चार आकडी धरायचं, हेही.

चार आकड्यांची खात्री कशी करायची? १००० ते ९९९९ मध्ये अशा ८९९१ संख्या आहेत. पण सगळ्या तपासायची गरज नाही. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले (अ−ड) अधिक ९० गुणिले (ब−क) एवढी येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं, आणि त्या फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. मेसची रांग पुढे सरकेपर्यंत निम्म्या तपासून होतील! कॉम्प्युटर उत्तर देईल, पण ८९९१ चं काम ५४ वर आणायला डोकंच लागतं.

मास्तर ६१७४ वर थांबले नाहीत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. २९७ आणि ७०३ याही त्यातल्याच. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तर १५ पासून २१ मिळतात, पण २० कुठूनच मिळत नाहीत. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शनच्या आउटपुटमध्ये कधीच न येणारी किंमत. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असं नाव दिलं.

पण या आनंदाची किंमत त्यांनी मोजली. हे कसलं गणित, हा तर पोरखेळ, असं म्हणून बड्या मंडळींनी त्यांच्याकडे बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. त्यांनी पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापल्या. शाळा-कॉलेजांत जाऊन व्याख्यानं दिली. १९६६ साली पत्नीचं निधन झालं. निवृत्तिवेतनात भागेना म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मास्तर त्या वेळी सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

आपण पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड अशा गावांतून इथे आलेली मुलं. यवतमाळला राहून काय होणार, पुण्या-मुंबईला असतो तर, हे वाक्य होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ऐकू येतं. अडचणी खऱ्या आहेत, त्या मी नाकारत नाही. मास्तरांच्याही खऱ्याच होत्या, आणि वेळेवर कौतुक झालं नाही हेही खरंच. पण चांगला प्रश्न सुचायला त्यांना देवळाली सोडावी लागली नाही. आणि त्यांचे प्रश्न असे, की चौथीतलं पोर खेळू शकतं आणि इंजिनीअरिंगचा विद्यार्थी सिद्ध करत बसू शकतो. शिकवणं म्हणतात ते यालाच, असं मला वाटतं.

तर मित्रहो, आज झोपण्यापूर्वी एक काम करा. आपल्या रोल नंबरचे शेवटचे चार अंक घ्या, चारही सारखे नसतील तर, आणि किती पायऱ्यांत ६१७४ येतात ते मोजा. मग शेजारच्या खोलीतल्याला करायला लावा. मास्तरांना यापेक्षा चांगली आदरांजली दुसरी कोणती असणार!