बुद्धी मोजू निघालेला माणूस : आल्फ्रेड बिने

पोलीस भरती असो, तलाठी भरती असो किंवा शाळेतील शिष्यवृत्तीची परीक्षा असो, 'बुद्धिमत्ता चाचणी' काही आपली पाठ सोडीत नाही. संख्यामालिका पूर्ण करा, आरशातील घड्याळात किती वाजले ते सांगा, गटात न बसणारा शब्द ओळखा, असले प्रश्न आपण सर्वांनीच सोडविलेले आहेत. पण त्यात मिळालेले गुण म्हणजेच बुद्धी काय, असे आपण सहसा विचारीत नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकात या चाचण्यांचे जनक म्हणून आल्फ्रेड बिने यांचे नाव येते आणि चार ओळींत संपते. त्यांचे चरित्र मिळेल तेथून वाचल्यावर मला असे आढळले की, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच वारंवार विचारला होता. म्हणून त्यांच्या जीवनाची थोडी ओळख करून देत आहे.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी भूमध्य समुद्राच्या काठी नीस या शहरी झाला. वडील डॉक्टर होते, आईला चित्रकलेची आवड होती. आईवडील विभक्त झाल्यामुळे आईनेच त्यांना वाढविले व शिक्षणासाठी पॅरिसला आणले. १८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही सोडून दिला. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्राची पुस्तके वाचू लागले. या विषयाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पुढे एवढी कीर्ती मिळूनही फ्रान्समधील कोणत्याही विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८८३ साली ते शार्को या विख्यात डॉक्टरांच्या रुग्णालयात काम करू लागले. तेथे संमोहनाचे प्रयोग चालत. लोहचुंबक जवळ नेला की रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूची लक्षणे दुसऱ्या बाजूला जातात, असे बिने व त्यांचे सहकारी फेरे यांनी छापून जाहीर केले. बेल्जियमच्या देलब्यूफ यांनी दाखवून दिले की, ही करामत चुंबकाची नाही. डॉक्टरांना काय हवे आहे ते रुग्णांना कळत होते आणि ते तसे वागत होते. बिने यांना अखेर हे मान्य करावे लागले व १८९० च्या सुमारास त्यांनी ते रुग्णालय सोडले. मात्र या फजितीतून त्यांना जन्माचा धडा मिळाला. विचारणाऱ्याच्या मनात जे असते ते उत्तरात शिरते, हे ते पुढे कधी विसरले नाहीत.

त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळा मांडली ती आपल्या घरात. मादलेन आणि आलिस या आपल्या दोन लहान मुलींचे ते बारकाईने निरीक्षण करीत. घोडा म्हणजे काय, पेटी म्हणजे काय, असे विचारीत. मुली व्याख्या करीत नसत, त्या वस्तूचा उपयोग सांगत. एकाच घरात वाढलेल्या या दोघींचे विचार करण्याचे वळण मात्र वेगळे होते. एक स्थिर व नेमकी, तर दुसरी कल्पनेत रमणारी. यांतली हुशार कोणती, असे विचारण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले.

१८९१ पासून ते सॉर्बोन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागले व काही वर्षांतच तिचे संचालक झाले. याच सुमारास त्यांनी झाक इनोदी या अचाट गणिती माणसाचा अभ्यास केला. इनोदी हा लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा. लिहावाचायला तो बऱ्याच उशिरा, तरुणपणी शिकला. पण मोठमोठे गुणाकार तो तोंडी करी, आणि तेही अंक डोळ्यांपुढे न आणता, कानात घुमणाऱ्या आवाजाच्या आधारे. अशा माणसाला कोणत्या इयत्तेत बसवायचे?

त्या काळी डोके मोठे तर बुद्धी मोठी, अशी विद्वानांची समजूत होती. बिने यांनीही शाळाशाळांतून मुलांची डोकी मोजली. शिक्षकांनी निवडलेली हुशार मुले आणि मागे पडलेली मुले यांच्या मापांत जेमतेम मिलिमीटरभराचा फरक निघाला. तो आपल्याच मनातील अपेक्षेमुळे तर आला नाही ना, अशी शंका येऊन त्यांनी पुन्हा मापे घेतली आणि शेवटी हा मार्ग सोडून दिला. चुंबकाचा धडा येथे कामी आला.

१९०४ साली फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे सर्व थरांतील मुले शाळेत येत होती आणि त्यांतील काही मागे पडत होती. त्यांना वेगळे साहाय्य द्यायचे तर ती ओळखायची कशी? शिक्षकाच्या मर्जीवर सोपविले तर खोडकर मुलगाही मतिमंद ठरायचा. म्हणून बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ साली तीस कृतींची श्रेणी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरविणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, माशी आणि फुलपाखरू यांतील फरक सांगणे, दिलेले तीन शब्द एका वाक्यात गुंफणे, अशा त्या कृती होत्या. १९०८ मध्ये त्यांनी त्या वयानुसार लावल्या आणि १९११ मध्ये पुन्हा सुधारल्या.

चाचणी घेऊन बिने थांबले नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचविले. मुलांनी काही क्षण पुतळ्यासारखे निश्चल उभे राहायचे, हा त्यांतलाच एक. आपण लहानपणी खेळतो त्या 'स्टॅच्यू'सारखाच तो आहे. लक्ष एकवटणे, समज, स्मरण या गोष्टी सरावाने वाढतात, असे त्यांचे मत होते. मुलाची बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असे मानणाऱ्यांवर त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली. ब्रुसेल्समध्ये सुखवस्तू घरांतील मुले आपल्या चाचणीत वयाच्या पुढे जातात, असे कळताच त्यांनी गरीब व सधन वस्तीतील मुलांची तुलनाही करून पाहिली. घरची परिस्थिती उत्तरांत उतरते, हे चाचणीच्या निर्मात्यालाच दिसले होते. १८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नंतर जे झाले ते विपरीत झाले. १९१२ साली जर्मनीच्या श्टेर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले. १९१६ साली अमेरिकेच्या टर्मन यांनी तो भागाकार शंभरपट करून बुद्ध्यंक रूढ केला. दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलाइतके करील तर त्याचा बुद्ध्यंक ८०. मदतीसाठी केलेली खूण कपाळावरचा शिक्का झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांच्या अशा चाचण्या घेतल्या आणि त्यांचे निष्कर्ष पुढे परदेशी लोकांना हीन ठरविण्यासाठी वापरले गेले.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या श्रेणीची कानडी आणि मराठी आवृत्ती तयार केली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला. पॅरिसचे प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांना विचारून चालणार नाही, हे त्यांनी जाणले, हे मोठे काम होय. बिने-कामत चाचणी पुढे कित्येक दशके मतिमंद मुलांच्या तपासणीसाठी देशभर वापरली गेली. पण मराठी म्हणजे तरी कोणती मराठी?

मी आहुप्याचा. घोडच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, कोकणकड्याच्या काठावर, महादेव कोळ्यांचे आमचे गाव. घरात बोलतो ती भाषा पुस्तकात नाही. आमच्या वर्गातील एका मुलाला शाळेत मठ्ठ म्हणत, कारण विचारलेला प्रश्नच त्याला कळत नसे. तोच मुलगा धुक्यात समोरचे झाड दिसत नसताना गळ्यातील घंटेच्या आवाजावरून कोणते जनावर कुठे चरते ते सांगे. बाळहिरडा कधी तोडायचा आणि किती वाळवायचा म्हणजे वजनात मार बसणार नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते. तो आठवीत शाळेतून गळाला आणि आता नारायणगावाकडे मजुरीला जातो. इनोदीची गोष्ट वाचताना मला त्याची आठवण झाली. त्याला चाचणी हवी होती ती बिने यांच्या पद्धतीची, म्हणजे कुठे अडते ते शोधून तेथून शिकविणारी. त्याला फक्त निकाल मिळाला.

याचा अर्थ या चाचण्या निव्वळ थोतांड आहेत, असे मी म्हणत नाही. शाळेत कोण पुढे जाईल याचा त्या बऱ्यापैकी अंदाज देतात आणि खरोखर गरजू मुलाला त्यांच्यामुळे मदत मिळू शकते. परंतु बुद्ध्यंक हा उंचीसारखा पक्का नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखविले की, अमेरिकेत दर दशकाला सरासरी सुमारे तीन गुण वाढत गेले. एवढ्या थोड्या काळात माणसाचा मेंदू बदलत नाही, शाळा आणि राहणी बदलते. २०१८ साली सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे आढळले की, शाळेचे प्रत्येक जादा वर्ष एक ते पाच गुणांची भर घालते. म्हणजे ज्याला शाळा मिळाली नाही त्याचे गुण कमी येणार, आणि मग गुण कमी म्हणून तो शाळेला लायक नाही असे ठरणार! हा न्याय उलटा आहे.

आपल्यातील अनेक जण उद्या शिक्षक होतील. माझाही तोच विचार आहे. त्या वेळी एखादा मुलगा उत्तर देत नसेल तर त्याची बुद्धी मोजण्याआधी आपला प्रश्न तपासून पाहावा, आणि मोजलीच तर दुसऱ्या दिवसापासून त्याला शिकवायला बसावे, एवढे बिने यांच्या चरित्रातून आपण अवश्य घ्यावे असे मला वाटते.