हजेरीपटावरील नावाचे मोल

मुंबई-पुण्यातील नोकरदार महिनाअखेरीस आपली वेतनचिठ्ठी कार्यालयाच्या संकेतस्थळावर उघडतो, तेव्हा कपातींच्या रकान्यात त्याला २०० रुपयांचा व्यवसाय कर दिसतो. फेब्रुवारीत तो ३०० रुपये होतो. हजेरी, रजा, पगार आणि कर यांच्या संगणकप्रणाली आता इंटरनेटद्वारे एकमेकींशी जोडल्या गेल्याने ही कपात कोणाचा हात न लागता होते. १९७५ मध्ये हा कर लागू झाला, तो खेड्यातील रिकाम्या हातांना काम देण्यासाठी निधी उभारावा म्हणून, हे मात्र आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. शहरातील पगारपत्रक आणि माळरानावरील हजेरीपट यांचे नाते ज्या योजनेने जोडले, त्या रोजगार हमीचा पाया ज्यांच्या कारकिर्दीत घातला गेला, ते वसंतराव नाईक यवतमाळ जिल्ह्याचे सुपुत्र होते.

पुसद तालुक्यातील गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी एका बंजारा शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबा चतुरसिंग नाईक यांनी भटकंती करणाऱ्या आपल्या लोकांना स्थिर करून गहुली वसवली होती. तांड्याचा नाईक म्हणजे केवळ मानाचा धनी नव्हे. प्रत्येक घरातील माणसांची खबर ठेवणे, तंटे मिटवणे, अडल्यानडल्याला उभे राहणे हे त्याचे कर्तव्य. कागदावर एक अक्षरही न लिहिता तांड्यातील माणसांची नोंद त्याच्या मनात पक्की असे. वडील फुलसिंग यांच्याकडून हा वारसा वसंतरावांना मिळाला.

परिसरातील लहान गावांतून प्राथमिक शिक्षण घेऊन ते नागपुरात आले. मॉरिस कॉलेजातून पदवी आणि पुढे १९४० मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते पुसदला वकिली करू लागले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी विवाह केला. बंजारा तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचा हा विवाह त्या काळच्या समाजाला मानवणारा नव्हता. दोन्हीकडून विरोध झाला. परंतु दोघेही डगमगले नाहीत.

पुसदचे नगराध्यक्षपद हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ. विदर्भ तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५२ च्या निवडणुकीत विधानसभेवर निवडून गेल्यावर ते त्या राज्यात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. द्वैभाषिक मुंबई राज्यात सहकार आणि कृषी ही खाती त्यांनी सांभाळली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा ते महसूलमंत्री होते.

त्याच वर्षी लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य आणि बांधकाम विभागांचे कर्मचारी यापूर्वी निरनिराळ्या खात्यांकडे पाहून काम करीत. आता जिल्ह्यातील हे मनुष्यबळ एका छत्राखाली, एका मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि लोकनियुक्त सभागृहाला उत्तरदायी असे झाले. आज शासकीय कर्मचाऱ्यांचे वेतन 'सेवार्थ' आणि शिक्षकांचे 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालींतून निघते. या प्रणालींनी नोंदी जोडल्या. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नोंद कोणी ठेवायची आणि त्याच्या कामाचा जाब कोणी द्यायचा, याचा निर्णय संगणक येण्यापूर्वीच झालेला होता.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. संकरित ज्वारीचा प्रसार, चार कृषी विद्यापीठांची स्थापना, कापूस एकाधिकार खरेदी हे त्यांचे निर्णय शेतकऱ्याच्या हितासाठी होते. मात्र त्यांची खरी कसोटी १९७२ च्या दुष्काळाने पाहिली. विहिरी आटल्या, शेतीची कामे संपली, माणसे खडी फोडण्याच्या आणि बंधाऱ्यांच्या कामांवर आली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली.

एवढ्या माणसांची दररोज हजेरी घेणे, कामाचे मोजमाप करणे आणि मजुरी चुकती करणे हे सारे कागदी मस्टरवर चालले. त्यात उणिवा राहिल्या. मजुरी अपुरी आणि उशिरा मिळते म्हणून मजुरांनी मोर्चे काढले, महागाईविरुद्ध महिला रस्त्यावर उतरल्या. हा रोष सरकारला झेलावा लागला आणि तो अनाठायी नव्हता. पण मागेल त्याला काम ही कल्पना याच काळात शासनाच्या कारभारात रुजली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला होता. तिला राज्यव्यापी योजनेचे रूप देण्याचे धैर्य वसंतरावांच्या सरकारने दाखवले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच वर्षी वाशीमहून लोकसभेवर निवडून गेलेल्या वसंतरावांचे १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे निधन झाले.

पुढे २००५ मध्ये देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला आणि पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश होता. या कायद्याखाली जॉबकार्ड, हजेरीपत्रक, कामाचे मोजमाप आणि मजुराचे बँक खाते एका संकेतस्थळाशी जोडले गेले. खोट्या नावांच्या हजेरीला त्यामुळे आळा बसण्यास मदत झाली आणि कोणत्या गावात कोणाला किती मजुरी मिळाली, हे कोणालाही पाहता येऊ लागले. पण जॉबकार्डावरील नाव आणि बँकेतील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी राबलेल्या माणसाची मजुरी अडकू लागली. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. तरीही अडकलेली मजुरी मागायची कोणाकडे, हा मजुराचा प्रश्न जुनाच आहे.

तांड्याच्या नाईकाला आपल्या माणसाचे नाव अक्षरे जुळवून तपासावे लागत नसे. तो त्याला ओळखत असे. कोट्यवधींच्या राज्यात ही ओळख शक्य नाही, म्हणूनच नोंद हवी, यंत्र हवे, जोडणीही हवी. परंतु नोंद चुकली तर ती दुरुस्त करण्यास बांधील असलेला माणूस मजुराच्या हाकेच्या अंतरावर असला पाहिजे. जिल्हा परिषदेची रचना आखताना वसंतरावांनी कारभार गावाजवळ आणला, तो याचसाठी. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र कृषी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी त्यांच्या शेतीविषयक कार्याबरोबर हजेरीपटावरील या नावांचेही स्मरण व्हावे.