अ‍ॅडमिरलच्या लेकीने सेवाग्रामला मातीचं घर बांधलं, आजच्या ग्रीन बिल्डिंगचे धडे त्यातच सापडतात

मे महिन्यात मोताळ्यात दुपारी एक वाजता घराबाहेर पडून बघा. राजूर घाट उतरून खाली आलं की हवाच बदलते. वर बुलढाण्याला निदान वारा तरी असतो, इकडे घाटाखाली नुसत्या झळा. आणि खरी परीक्षा तर रात्री. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजताही खाली आग ओकत असतो. मग कुणी गच्चीवर पाणी मारतं, कुणी कूलर फुल्ल करतं, तर ज्यांना परवडतं ते एसी बसवतात.

ज्यांचं जुनं धाब्याचं घर अजून उभं आहे, ते मात्र सांगतात की पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या आत दुपारी पंखा लावला तरी भागतं.

हे असं का होतं, ते समजून घ्यायचं तर एका बाईची गोष्ट सांगायला पाहिजे. जन्माने इंग्रज, बाप ब्रिटिश नौदलातला बडा अधिकारी, आणि हिने आपल्याच विदर्भात मातीचं घर बांधलं. त्या घराला आज सगळं जग बापू कुटी म्हणून ओळखतं.

तिचं नाव मॅडलिन स्लेड. आपण तिला मीराबेन म्हणतो.

बीथोवेनच्या नादाने गांधींपर्यंत

मॅडलिनचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा. वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते. त्यांची नेमणूक मुंबईला झाली तेव्हा मॅडलिन काही काळ मुंबईतही राहिली. पण ते राहणं म्हणजे साहेबांच्या बंगल्यातलं. मेजवान्या, नाच, घोडेस्वारी. खरा भारत काही तिला तेव्हा दिसला नाही.

तिला वेड होतं ते संगीताचं, आणि त्यातही बीथोवेनचं. या वेडापायी ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचली, कारण त्यांनी बीथोवेनवर लिहिलं होतं. रोलाँ यांनी गांधींवरही एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्याकडून तिला गांधींचं नाव कळलं, तिने ते पुस्तक वाचलं आणि तिचं ठरलं.

पण ती लगेच जहाजात बसली नाही. आधी एक वर्ष तयारी केली. मांसाहार सोडला, जमिनीवर झोपायची सवय केली, सूतकताई शिकली. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती साबरमती आश्रमात पोहोचली, तेव्हा तिचं वय ३२ होतं. गांधींनी तिचं नाव मीरा ठेवलं.

पुढची दहा वर्षं धामधुमीची होती. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी ती गांधींसोबत लंडनला गेली. परत आल्यावर तुरुंगवास झाला. आणि मग गांधींचा मुक्काम वर्ध्याला हलला, तशी मीराबेनही वर्ध्याला आली.

शेगावच्या नादात सेवाग्राम झालं

गांधींना आता खेड्यात राहून काम करायचं होतं. वर्ध्यापासून साधारण ८ किलोमीटरवर सेगाव नावाचं खेडं होतं. तिथली जमीन जमनालाल बजाज यांची. धड रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल आणि मलेरियाचं ठाण. मीराबेन आधी तिथे जाऊन राहिली आणि तिच्यामागून ३० एप्रिल १९३६ ला गांधी सेगावला आले.

आता यात बुलढाण्याचं कनेक्शन कसं आहे बघा. आपल्या जिल्ह्यातलं शेगाव तर रेल्वेच्या मुख्य लाइनवर. सेगाव आणि शेगाव यात पोस्टाचा गोंधळ व्हायचा आणि गांधींची पत्रं भलतीकडेच जायची. शेवटी १९४० मध्ये सेगावचं नाव बदलून सेवाग्राम करण्यात आलं.

आधी अटी, मग नकाशा

सेगावला घर बांधायची जबाबदारी मीराबेनवर आली. गांधींनी अटी घातल्या. खर्च शक्य तितका कमी, शंभर रुपयांच्या वर नको. सामान आसपासच्या परिसरातलंच आणि बांधणारे हातही गावातलेच.

या अटींमुळे घर कसं होणार, हे निम्मं आधीच ठरून गेलं. सिमेंट बाद. लोखंडी गर्डर बाद. उरलं काय? माती, बांबू, लाकूड, शेण आणि छपराला गावातले कवेलू. म्हणजे गावातला शेतकरी ज्यात राहत होता तेच सामान.

सगळ्यात आधी आदी निवास उभं राहिलं. त्यात गांधी, कस्तुरबा, सोबतचे कार्यकर्ते आणि येणारे-जाणारे पाहुणे, सगळे एकाच छपराखाली. मग मीराबेनने शेजारीच स्वतःसाठी एक कुटी बांधली. तिच्या भिंतींवर तिने मातीने उठावाची चित्रं काढली. ताडाची झाडं, मोर, चरखा, ॐ.

आदी निवासातली गर्दी वाढत गेली, तेव्हा गांधी या कुटीत राहायला आले. गरजेप्रमाणे ती वाढवली गेली आणि तिचं नाव बापू कुटी पडलं. मीराबेन दुसरीकडे गेली. तिने स्वतःसाठी बांधलेलं घर असं दुसऱ्याच्या नावाने इतिहासात गेलं. आज तिथे जाणाऱ्या कित्येकांना हे घर मुळात कुणाचं होतं ते माहीतही नसतं.

हे घर गार का राहतं?

आता येऊ मुद्द्यावर. यात चमत्कार काही नाही, साधं विज्ञान आहे.

पहिली गोष्ट, भिंत. जाड मातीची भिंत हळूहळू तापते. दुपारी बाहेर ४४-४५ अंश असले तरी ती उष्णता भिंतीतून आत यायला कित्येक तास घेते. तोवर संध्याकाळ होते, बाहेरची हवा निवते आणि भिंतही उष्णता सोडायला लागते.

दुसरी गोष्ट, छप्पर. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छपरावर पडतं. उतरतं कवेलूचं छप्पर असलं की खालची गरम हवा वर चढते आणि कवेलूंच्या फटींतून निघून जाते. सिमेंटच्या स्लॅबला अशा फटी नसतात. तो दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. टिनाचं तर बोलायलाच नको, ते ऊन पडल्याबरोबर तापतं.

तिसरी गोष्ट, सावली. छपराच्या पुढे आलेल्या वळचणीमुळे आणि ओसरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. ऊन भिंतीवर पडल्यावर थंडावा करण्यापेक्षा ते पडूच न देणं कधीही स्वस्त.

चौथी गोष्ट दिसत नाही, पण महत्त्वाची आहे. घर वापरताना लागणारी वीज वेगळी आणि घर बांधतानाच खर्च झालेली ऊर्जा वेगळी. सिमेंट करताना भट्टीत साधारण १४५० अंशांपर्यंत तापमान न्यावं लागतं. त्यात इंधनाचा धूर तर आहेच, वर चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो, असा अंदाज आहे. जवळची माती न भाजता वापरली तर हा खर्च जवळपास शून्य, आणि ट्रकचं डिझेलही वाचतं.

मग सगळ्यांनी मातीचीच घरं बांधायची का?

नाही. आणि इथे खरं बोललं पाहिजे. मातीच्या घराला दरवर्षी लिपण लागतं, सारवण लागतं, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. वाळवी लागते, उंदीर पोखरतात, ओल येते. हे सारवण आजवर कुणी केलं? घरातल्या बायकांनी. त्यामुळे पक्कं घर हवं असं म्हणणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवू नयेत. शिवाय सेगावच्या त्या मातीच्या घरांत राहून मीराबेनही तापाने आजारी पडली होती आणि गांधीही.

घ्यायची आहे ती पद्धत. आधी मर्यादा ठरवायची, ऊन-वारा बघायचा आणि मग नकाशा काढायचा.

लॉरी बेकर नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने हेच केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मुंबईत गांधींना भेटले होते. घराचं सामान पाच मैलांच्या परिघातलं असावं, हा गांधींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. केरळमध्ये त्यांनी विटा आडव्या न ठेवता उभ्या रचून, मधे पोकळी सोडून भिंती बांधल्या. त्यात विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि मधली हवा उष्णता अडवते.

सरकारी नियमही आता तिकडेच वळलेत. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या इको निवास संहितेत भिंतीतून, खिडकीतून आणि छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा ठरवून दिली आहे. भाषा आकड्यांची आहे, पण मुद्दा तोच. उष्णता आत येण्याआधी अडवा.

पुढे मीराबेनचं काय झालं?

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधींसोबत तिलाही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवलं. राहायला महाल मिळाला, पण तिथेच आधी महादेवभाई देसाई आणि मग कस्तुरबा गेल्या.

सुटका झाल्यावर ती उत्तरेकडे गेली. हृषीकेशजवळ पशुलोक उभारलं, मग गढवालमध्ये आश्रम काढला. तिथे तिच्या लक्षात आलं की डोंगरावरची बांज म्हणजे ओकची जंगलं जाऊन त्यांच्या जागी चीड पसरतोय. बांजाच्या पाल्याखाली पाणी मुरतं, चिडाखाली ते वाहून जातं. महापुराचं मूळ इथे आहे, हे ती १९५० च्या दशकात लिहीत होती. चिपको आंदोलन त्यानंतर जवळपास २० वर्षांनी झालं.

१९५९ मध्ये तिने भारत सोडला आणि ऑस्ट्रियात, बीथोवेनच्या व्हिएन्नाजवळ जाऊन राहिली. भारत सरकारने तिला पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ ला ती गेली.

सेवाग्रामची कुटी आजही उभी आहे, कारण दरवर्षी कुणीतरी ती लिंपतं.

मोताळ्यात यंदाही घरकुलांची कामं चालू असतील. तुमच्या घराचं काम निघालं असेल तर मिस्त्रीला एवढंच विचारा. पश्चिमेची खिडकी छोटी करता येईल का? छज्जा हातभर पुढे काढता येईल का? स्लॅबवर पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्स लावता येतील का? समोरासमोर खिडक्या देता येतील का? मावळतीला एक कडुनिंब लावता येईल का?

यातल्या बहुतेक गोष्टी नकाशा काढतानाच ठरवल्या तर फार खर्च येत नाही. घर बांधून झाल्यावर मात्र त्याच गोष्टींची किंमत दर महिन्याच्या लाइट बिलात भरावी लागते.