लांडगे संपवायला निघालेला फॉरेस्ट अधिकारी पुढे लांडग्यांचाच वकील झाला

हिशोब एकदम सोपा होता. लांडगा हरणं खातो. म्हणजे लांडगे कमी झाले की हरणं वाढणार. आणि लांडगे संपलेच तर मग शिकाऱ्यांची चंगळच.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हे जवळपास सगळ्यांना पटलेलं होतं. गुरं पाळणाऱ्यांना, शिकाऱ्यांना आणि सरकारलासुद्धा. लांडगा मारला की बक्षीस मिळायचं. या कामासाठी सरकारने पगारी शिकारी ठेवले होते.

हा हिशोब पुढे रेटणाऱ्यांमध्ये एक तरुण फॉरेस्ट अधिकारी होता. त्याचं नाव आल्डो लिओपोल्ड. पुढे जाऊन वन्यजीव व्यवस्थापन या शास्त्राचा जनक म्हणून तो ओळखला गेला. पण त्यासाठी त्याला आधी स्वतःचाच हिशोब खोडावा लागला.

लिओपोल्डचा जन्म ११ जानेवारी १८८७ चा. गाव आयोवा राज्यातलं बर्लिंग्टन, मिसिसिपी नदीच्या काठावरचं. वडिलांचा लाकडी फर्निचरचा कारखाना होता आणि त्यांना शिकारीचा नाद होता. पण हा माणूस नियम पाळणारा होता. कायदा नव्हता तेव्हाही पाखरांच्या विणीच्या दिवसांत ते बंदूक खाली ठेवायचे. पोराला जंगलाचं वेड लागलं ते इथूनच.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ साली तो सरकारी वनखात्यात लागला. पहिलं पोस्टिंग मिळालं ॲरिझोनातल्या अपाची जंगलात. वय होतं २२.

त्याच वर्षी तिथल्या डोंगरात त्याने आणि त्याच्या सोबत्याने लांडग्यांच्या एका कुटुंबावर गोळ्या झाडल्या. लांडगीजवळ तो पोचला तेव्हा तिचा जीव जात होता. तिच्या डोळ्यांतली हिरवी चमक विझताना त्याने पाहिली. पण म्हणून त्याचं मन लगेच बदललं असं काही झालं नाही. पुढची कितीतरी वर्षं तो न्यू मेक्सिकोत शिकाऱ्यांच्या संघटना बांधत होता आणि शेवटचा लांडगा मारला जाईपर्यंत थांबू नका म्हणून सांगत होता.

मग मन बदललं कशामुळे? तर हरणांमुळे.

ॲरिझोनातच ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कायबाब नावाचं पठार आहे. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तो भाग राखीव केला. हरणांच्या शिकारीवर बंदी आली. लांडगे, प्युमा आणि कोयोटी मात्र सरकारी शिकाऱ्यांनी शोधून शोधून मारले. गुराढोरांची चराईही कमी झाली होती.

हरणं वाढली, इतकी वाढली की मोजणाऱ्यांचाच मेळ बसेना. १९२४ च्या सुमाराचे अंदाज ३० हजारांपासून १ लाखापर्यंत जातात. हरणांचं तोंड पोचेल तिथपर्यंतची हिरवळ संपली, झाडांची रोपटी उगवताच खाल्ली जाऊ लागली. त्यानंतरच्या हिवाळ्यांत हजारो हरणं उपाशी मेली.

कायबाबच्या या आकड्यांवर पुढे शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या. पण अलीकडे तिथल्या ॲस्पेन झाडांची वयं तपासली, तेव्हा हरणं वाढली त्या काळातली झाडं फारच कमी सापडली. आकडा वादाचा असला तरी जंगलाने मार खाल्ला होता हे नक्की.

लिओपोल्ड हे सगळं पाहत होता. १९३३ साली तो विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९३५ मध्ये तो जर्मनीला गेला. तिथली जंगलं रांगेत लावलेली, हरणांना माणसं चारा घालायची आणि रोपटी वाचवायला कुंपणं करावी लागायची. पुढच्याच वर्षी तो मेक्सिकोतल्या गाविलान नदीच्या खोऱ्यात गेला. तिथे लांडगे होते, प्युमा होते आणि हरणंही भरपूर होती. तरीही डोंगर हिरवा होता आणि नदीचं पाणी स्वच्छ होतं.

या दोन सहलींनी त्याचा जुना हिशोब पार उलटा केला.

त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अशी. लांडग्याने एक हरीण मारलं तर दोन-तीन वर्षांत त्याच्या जागी दुसरं येतं. पण हरणांनी खाऊन संपवलेलं जंगल परत यायला कित्येक दशकं लागतात. झाडं गेली की उतारावरची माती धुपते आणि ती नदीत जाते. मग त्या झाडांवरची पाखरं आणि नदीतले मासेही अडचणीत येतात. हरणांची शिरगणती करून जंगल ठीक आहे का हे कळत नाही. त्यासाठी खाली वाकून रोपटी उगवतायत का ते पाहावं लागतं.

खरी परीक्षा पुढेच होती.

१९४० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये तेच सुरू झालं. बर्फात हरणं उपाशी मरू लागली. लांडगे जवळपास संपले होते, म्हणजे हरणं कमी करायची तर माणसालाच करावी लागणार होती. लिओपोल्ड राज्याच्या संवर्धन आयोगावर होता. त्याचं म्हणणं होतं की नुसते नर मारून उपयोग नाही, माद्याही माराव्या लागतील.

लोक खवळले. आदल्याच वर्षी डिस्नेचा बॅम्बी सिनेमा येऊन गेला होता. १९४३ च्या हंगामात सुमारे १ लाख २८ हजार हरणं मारली गेली आणि त्याचं खापर लिओपोल्डवर फुटलं. हरणं वाचवा म्हणणारी समिती उभी राहिली, त्याच्या विरोधात छापून येऊ लागलं. पुढच्या वर्षी शिकार परत फक्त नरांपुरती झाली. लिओपोल्ड हरला.

पण दुसऱ्या वर्षी, १९४४ मध्ये, त्याने त्या मरणाऱ्या लांडगीवर लेख लिहिला. तब्बल ३५ वर्षांनी आपली चूक मान्य करून टाकली.

२१ एप्रिल १९४८ ला शेजाऱ्याच्या रानात वणवा पेटला. आग विझवायला धावलेल्या लिओपोल्डला हृदयविकाराचा झटका आला. वय ६१. आठवड्यापूर्वीच त्याचं पुस्तक छापायला प्रकाशक तयार झाल्याचं कळलं होतं. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' नावाने १९४९ साली ते आलं आणि लाखो लोकांनी वाचलं.

१९९५ साली यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये कॅनडातून आणलेले लांडगे सोडले. १९९८ साली अपाची जंगलात, जिथे लिओपोल्डने ती लांडगी मारली होती, ११ मेक्सिकन लांडगे सोडण्यात आले. ही जात इतकी संपत आली होती की आजचे सगळे मेक्सिकन लांडगे अवघ्या ७ लांडग्यांचे वंशज आहेत.

तिथल्या गुरं पाळणाऱ्यांचा विरोध अजून आहे, कारण वासरू मारलं गेलं की नुकसान त्यांचंच होतं. लांडगे संपवणं काही वर्षांचं काम होतं. त्यांना परत आणून टिकवायचं काम मात्र अजून चालूच आहे.