विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (जन्म : २५ जानेवारी १७९०, मृत्यू : लंडन, १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, सांख्यिकीतज्ज्ञ आणि निसर्गाभ्यासक होते. दख्खनच्या पठारावरील खडकांचे सविस्तर वर्णन करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

लष्करी सेवा

साइक्स १८०४ साली मुंबई लष्करात दाखल झाले. १८०५ मधील भरतपूरच्या वेढ्यात ते होते. मराठी व हिंदी या भाषा त्यांनी शिकून घेतल्या. पुढे गावोगावी माहिती गोळा करताना त्यांचा मोठा उपयोग झाला. पेशवाईचा शेवट करणाऱ्या १८१७-१८ च्या युद्धात खडकी व पुणे येथील लढायांत त्यांनी देशी पलटणीचे नेतृत्व केले. ज्या मुलखात ते शत्रू म्हणून लढले, त्याच मुलखाची नोंद करण्यात त्यांची पुढची वर्षे गेली.

दख्खनची पाहणी

ऑक्टोबर १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तलेखक नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे जिल्हे पाहणीच्या कक्षेत होते. लोकसंख्या, जमीनधारणा, पिके, हवामान, प्राणी, पक्षी, मासे आणि खडक अशी या कामाची व्याप्ती होती. कंपनीला रस होता तो मुख्यतः महसुलात. निसर्गाच्या नोंदींमागे साइक्स यांची स्वतःची जिज्ञासा अधिक दिसते. डिसेंबर १८२९ मध्ये हे पद रद्द झाले. तेव्हा स्वतः विनंती करून त्यांनी जानेवारी १८३१ पर्यंत विनावेतन काम केले व अहवाल पुरे केले.

भूवैज्ञानिक कार्य

दख्खनच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध १८३३ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडला गेला. घट्ट काळा असिताश्म (बेसाल्ट) आणि खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा कुहरी खडक यांचे थर आलटून-पालटून जवळजवळ आडवे पसरलेले आहेत, असे त्यांनी नोंदवले. थरांमधील लोहयुक्त तांबडी माती आणि त्यांना छेदणाऱ्या भित्ती यांचेही वर्णन त्यांनी केले. डोंगरांची उंची ते वायुभारमापकाने मोजत; पाणी कोणत्या तापमानाला उकळते यावरून साध्या तापमापकाने उंची काढण्याच्या पद्धतीवरही त्यांनी लिहिले.

हे थर म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले प्रवाह होत. ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, हे विसाव्या शतकातील कालमापनामुळे ठरले. साइक्स यांच्या काळी खडकाचे वय मोजण्याचे साधनच नव्हते. पायऱ्यांसारख्या डोंगरउतारांमुळे या खडकांना दख्खन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

साइक्स यांनी पाहिलेल्या पुणे जिल्ह्यात शिरूर आणि दौंडच्या दरम्यान, घोड व भीमा या नद्यांमधील सखल भागात, न्हावरे हे गाव आहे. या पट्ट्यात डोंगर कमी, त्यामुळे खडक पाहायचा तो विहिरीत. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या किंवा काळा पाषाण असा क्रम सहसा आढळतो. पाषाण झिजून मुरूम होतो, मुरुमाची माती होते, आणि ती माती नद्या वाहून नेतात. हा गाळ दीर्घकाळ दाबला गेला तर त्याचा स्तरित खडक बनतो. खडकांच्या चक्राचे पहिले टप्पे येथे एकाच विहिरीत दिसतात. जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे मात्र लाव्हारसातून आलेले नाहीत. ते पाण्यात विरघळलेल्या चुन्यापासून नंतर तयार झाले.

उत्तरायुष्य

१८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि पुढील वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८५६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते ॲबर्डीनचे संसद सदस्य होते. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक; १८६३ ते १८६५ या काळात ते तिचे अध्यक्षही होते.

प्राणिशास्त्रात त्यांचे नाव अधिक टिकले. कोळसुनाचे वर्णन करताना त्यांनी १८३१ मध्ये त्याला दख्खनवरून शास्त्रीय नाव दिले होते. पठारावरील माळरानात आढळणारा एक चंडोल आजही साइक्सचा चंडोल म्हणून ओळखला जातो.