कॉलऱ्याच्या विषाचा शोध : डॉ. शंभुनाथ डे

मी कलाशाखेचा विद्यार्थी. जंतूंशी माझा संबंध आला तो आजारपणापुरताच. तरीही डॉ. शंभुनाथ डे यांच्याविषयी वाचल्यापासून मनाला एक रुखरुख लागून राहिली आहे.

१९१५ साली बंगालच्या हुगळी जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते लंडनला गेले, १९४९ मध्ये पीएच. डी. मिळवली आणि कलकत्त्यालाच परतले. याच शहरात १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू वेगळा काढला होता. पण तो जंतू माणसाला मारतो कसा? तो रक्तात भिनत नाही, आतड्यातच राहतो. आणि रोगी मात्र काही तासांत शरीरातले पाणी गमावून बसतो. हे कोडे पाऊणशे वर्षे सुटले नव्हते.

डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. पुढे त्यांनी जंतू वाढवलेल्या द्रवातून जंतूच गाळून टाकले व नुसता द्रव आत सोडला. तरीही आतडे फुगले! म्हणजे ही करणी जंतूने सोडलेल्या विषाची. १९५९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हा शोध छापून आला. ससा, दोरा आणि गाळणी. मला तर या साधेपणाचेच नवल वाटते.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले. १९७८ मध्ये स्वीडनच्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. मायदेशातील विज्ञान अकादमींनी मात्र त्यांना सदस्यत्वही दिले नाही. १९८५ मध्ये ते वारले. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये.