भिंतींच्या ‘श्वासा’चा शोध

माक्स फॉन पेटेनकोफर (१८१८-१९०१) हे जर्मनीतील म्युनिक विद्यापीठात १८६५ पासून आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. कॉलरा केवळ जंतूंनी होत नाही, हे दाखवण्यासाठी १८९२ मध्ये त्यांनी ते जंतू चक्क पिऊन टाकले. खोलीतील हवा किती कोंदट झाली, हे कार्बन डायऑक्साइडवरून मोजण्याची पद्धत त्यांचीच. कोरड्या विटेतून फुंकर मारून पलीकडची मेणबत्ती विझवता येते, हे त्यांनी दाखवले आणि भिंती श्वास घेतात, असे मानले. ओलीने छिद्रे बुजली की घर रोगट होते, असेही ते सांगत.

पुढच्या मोजमापांत दिसले, की गिलावा केलेल्या भिंतीतून हवा जवळजवळ जातच नाही. ती फटींतून आणि खिडक्यांतून खेळते. पाण्याची वाफ मात्र भिंतीतून ये-जा करते. पेंढा किंवा हेम्पच्या काड्या वापरून बांधलेल्या, कमी कार्बनच्या भिंतींचे आयुष्य बरेचसे यावरच ठरते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल सुकते. सिमेंटचा किंवा प्लॅस्टिक रंगाचा थर दिल्यास ती आत अडकते, बुरशी धरते आणि काड्या कुजतात.

पेटेनकोफर हवेबाबत चुकले, ओलीबाबतचा त्यांचा इशारा मात्र आजही लागू आहे.